पान सात, ओळ चार

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला घराबाहेर काढणे हे काय दिव्य असते, ते ज्यांच्या घरी असा नवरा आहे त्यांना सांगायला नको. आपल्या या गृहस्थाला छापखान्यात सगळे कानामात्रा म्हणत. तो मुद्रितशोधक होता. छापण्याआधी प्रत्येक मजकूर त्याच्या लाल पेनाखालून जायचा आणि बावीस वर्षांत आपल्या हातून एकही चूक झालेली नाही, हे तो पाहुण्यांना चहा येण्याआधीच सांगून टाकायचा.

"जुन्या लढाईचा देखावा आहे, अख्खं शहर जातं," बायको म्हणाली. "पोरगी दोन वर्षं मागे लागलीय. आज नाही म्हणालात तर आम्ही दोघी जातो आणि जेवणाचं तुमचं तुम्ही बघा!"

जेवणाचे नाव निघाल्यावर स्वारी मुकाट्याने तयार झाली.

मैदानाच्या फाटकावरच त्याचे डोके उठले. फलकावर 'ऐतिहासीक' असे लिहिले होते. त्याने खिशातून पेन काढले.

"अहो, आज तरी माणसं बघा! वेलांट्या राहू देत," बायकोने त्याचा हात धरला.

पण बघण्यासारखी माणसे त्याला दिसेनात. ऊन रणरणत होते, खुर्च्यांवरून भांडणे चालली होती, प्लायवूडच्या तटबंदीला खिळे नीट ठोकलेले नव्हते आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीच्या मनगटावर घड्याळ होते. त्यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली. शेजारी बायकोच्या शाळेतल्या मोठ्या बाई बसल्या होत्या. आता निवृत्त झालेल्या. या लढाईची माहितीपुस्तिका अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिली होती आणि तिच्यावरूनच हा देखावा सुरू झाला होता. बायको त्यांच्याशी बोलत बसली, हा घाम पुसत बसला.

मग भोंग्यावरून निवेदक ओरडला, "आणि आता येतोय फितूर!"

एकदम शिट्ट्या, हुर्यो! कथा सगळ्यांना पाठ होती. पहारेकरी फितला, त्याने वेशीचे दार उघडले, शहर पडले. त्या पहारेकऱ्याचे वंशज अजून दरवाजा गल्लीत राहतात, म्हणून दरवर्षी त्या गल्लीतलाच एक माणूस पहारेकरी व्हायचा. प्रेक्षकांसाठी ओल्या मातीच्या टोपल्या भरून ठेवलेल्या असत. गोळा करायचा आणि फितुराला मारायचा. गंमत म्हणून! शहरात त्या गल्लीतल्या माणसाला कुणी भाड्याने खोली देत नसे, तेही बहुधा गंमत म्हणूनच.

यंदा पहारेकरी झाला होता छापखान्यातला बाइंडर. कानामात्राच्या समोरच्याच टेबलावर तो पुस्तके बांधायचा. त्याला सगळे 'फितूरबुवा' म्हणत आणि तो मान खाली घालून खळ लावत राही. देखाव्याला नाही का म्हणत नाहीस, असे कुणी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, "नाही म्हटलं तर म्हणाल, बघा, पळाला."

खोटी दाढी लावून, फेटा बांधून तो दाराकडे निघाला आणि मातीचा मारा सुरू झाला.

"बाबा, मला पण!" आठ वर्षांची लेक उड्या मारू लागली.

दिवसभराचा वैताग कुठेतरी काढायचाच होता. कानामात्राने तिच्या हातात गोळा दिला. "मार! नेम धरून मार. फितूर आहे तो!"

गोळ्यात खडा होता. तो बाइंडरच्या भुवईवर बसला. दाढी सुटून लोंबू लागली, भुवईतून रक्त डोळ्यात ओघळले. त्याने वळून पाहिले, आधी मुलीकडे, मग तिच्या बापाकडे.

"बाबा, हे तर आपले बाइंडरकाका!" मुलीचा चेहरा पडला. छापखान्यातल्या उरलेल्या कागदाच्या वह्या तो तिला दरवर्षी बांधून द्यायचा. "तुम्हाला माहीत होतं?"

त्याला माहीत होते.

"पाडा त्याला! पाडा!" मागून आरोळ्या उठल्या. बाइंडर पडला नाही. दाराची कडी घट्ट धरून तो उभा राहिला आणि लोक जास्तच चवताळले.

"शाबास!" मोठ्या बाई कडाडल्या. "पोरीला छान धडा दिलास!"

"मला काय बोलता, बाई?" कानामात्रा उसळला. "तुम्हीच लिहिलंय. 'पहारेकरी फितला आणि त्याने दार उघडले.' पान सात, ओळ चार. मीच तपासलंय!"

बाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "तू? ती ओळ बदलणाऱ्या माणसाला अकरा वर्षं शोधतेय मी! अरे, मी 'फिरला' लिहिलं होतं. 'पहारेकरी फिरला.' पहारा संपवून तो घरी निघाला होता. तटाबाहेर अडकलेल्यांचा आक्रोश ऐकून माघारी फिरला, त्यांना आत घ्यायला दार उघडलं. मागोमाग शत्रू घुसला आणि हा तिथंच मेला. पुस्तिकेत एवढं मावेना, म्हणून एका ओळीत उरकलं. देखाव्याच्या समितीला चार पत्रं लिहिली मी. म्हणाले, एका अक्षरानं काय होतंय, बाई? फितुराला गर्दी होते."

कानामात्राची मान खाली गेली. लाल पेनाने र खोडून समासात त लिहिल्याचे त्याला लख्ख आठवले. त्या दिवशी त्याने ही 'चूक' साऱ्या छापखान्याला दाखवली होती, बाइंडरलासुद्धा!

"म्हणजे तो निर्दोष होता," तो पुटपुटला.

"तेवढ्यासाठीच मान खाली गेली का तुझी?" बाई म्हणाल्या. "समज, फितलाच होता! दोनशे वर्षांपूर्वी मेला तो. आज रक्त कुणाच्या भुवईतून येतंय? इतिहास वाचायला असतो, शेजाऱ्याला फेकून मारायला नाही!"

तो उठला. निवेदकाच्या हातून त्याने माईक जवळजवळ हिसकावला. "थांबा! चूक माझी आहे! फितला नाही, फिरला..."

"खाली बस, मास्तर!" "ह्याला किती दिले त्या गल्लीनं?" पुढचे शब्द कुणी ऐकलेच नाहीत. पहिला गोळा त्याच्या छातीवर बसला, दुसरा तोंडावर. तो जाऊन बाइंडरच्या शेजारी दाराला पाठ लावून उभा राहिला. माती डोळ्यांत जाते तेव्हा काय वाटते, ते त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदाच कळले.

"माफ कर," तो म्हणाला.

"अक्षर दुरुस्त कराल तुम्ही," बाइंडर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पोरीच्या हातात गोळा दिलात, त्याचं काय करणार?"

तेवढ्यात पोरगीच रडत रडत धावत आली, मागे तिची आई. माय-लेकी दाराशी येऊन उभ्या राहिल्या तसा मारा थांबला. लोकांना पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. लहान मुलीला मारायचे कसे, एवढाच प्रश्न पडला. पण हाच प्रश्न त्यांना आधीही पडायला हवा होता, कारण दरवाजा गल्लीतही लहान मुली आहेत!

सोमवारी छापखान्यात त्याने शुद्धिपत्र लिहिले आणि पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत चिकटवायला बाइंडरपुढे ठेवले. बाइंडरच्या भुवईवर पट्टी होती. त्याने वाचले:

'पान सात, ओळ चार: "फितला" याऐवजी "फिरला" असे वाचावे. ही चूक मुद्रितशोधकाची आहे.'

बाइंडरने कागद परत केला. "अर्धंच झालं."

कानामात्राने कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्याने खाली एक ओळ वाढवली: 'आणि तो फितला असता, तरीही त्याच्या वंशजांना माती मारू नये.'

वाचकहो, प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत असा एखादा 'फितूरबुवा' असतो. जन्माआधीच्या गुन्ह्याची शिक्षा तो आपल्या हातून भोगत असतो आणि आपण त्याला गंमत म्हणतो. आपले शुद्धिपत्र आपणच लिहायला हवे. दुसरे कुणी ते लिहिणार नाही!

बाइंडरने ती ओळ दोनदा वाचली. मग खळीचा डबा जवळ ओढला आणि दुसरा ब्रश कानामात्रापुढे सरकवला.

"बसा," तो म्हणाला. "सहाशे प्रती आहेत."