मऊ केलेली गाडी

मुलाने गाडी हौसेने खाली बसवली होती, शर्यतीतल्या गाडीसारखी जमिनीला चिकटून. जुने शॉकॲब्सॉर्बर काढून त्याने उंची आणि कडकपणा कमीजास्त करता येईल असे नवे घातले होते. चाकाखाली खडा आला तरी आत बसलेल्याच्या दातांना कळायचं. आता त्याच गाडीतून त्याच्या आईला न्यायचं होतं.

सकाळी पडदे काढताना ती स्टुलावरून पाठीवर पडली. इस्पितळातल्या डॉक्टरांचा फोन मी घेतला. "मणका सरकलेला असावा. फळीवर सरळ झोपवून आणा, धक्का लागू देऊ नका. पायांत कळ आहे ना? मग अजून वेळ आहे. पाय बधिर झाले, तर मात्र क्षणभरही दवडू नका." रुग्णवाहिका दुसऱ्या अपघाताकडे गेलेली. ती कधी परतेल हे कुणी सांगेना. मी फोन ठेवला तेव्हा मुलगा गाडीखाली शिरलेलासुद्धा होता.

गाडीची उंची ठरवणारी स्प्रिंगखालची कडी गंजून जाम झाली होती. तो तिला पाना लावून हातोडी घालत होता आणि शिव्याही. मी टॉर्च धरला होता.

"बाबा, उजेड कडीवर पाडा. माझं तोंड बघून काय करताय?"

शेवटी एकेक कडी सुटली, त्याने ती फिरवून वर चढवली आणि गाडी चार बोटं वर आली. मग त्याने शॉकच्या डोक्यावरची बटणं मऊ बाजूला फिरवली. मला वाटलं, झालं. मी उशा आणायला निघालो.

"कुठे चाललात? उंची बदलली की चाकांची तोंडं फिरतात. अशीच नेली तर गाडी रस्ताभर भटकेल. मी स्टिअरिंग सावरू की खड्डे चुकवू?"

अलाइनमेंटचं दुकान बंद होतं. चाकं सरळ आहेत का ते मापायला त्याने गाडीच्या दोन्ही अंगांना खुर्च्या ठेवून त्यांच्या पायांना दोरी ताणली. चाकं मोकळी फिरावीत म्हणून त्यांच्याखाली दोन-दोन फरश्या, मधे ग्रीस. न्हाणीघरातल्या उरलेल्या फरश्या त्याच्या आईनेच कधी टाकू दिल्या नव्हत्या. पुढची डावी सीट काढून तिथपासून मागेपर्यंत फळी टाकली.

"आता झोपा फळीवर. रिकाम्या गाडीचं माप खोटं येतं."

स्वतःच्या जागी त्याने सिमेंटची गोणी ठेवली. मी आडवा झालो. काय करायचं ते कळेना, म्हणून हात पोटावर घेतले.

"हलू नका. तुम्ही आत्ता आई आहात."

घराच्या खिडकीतून तिचा आवाज आला, "मग त्यांना म्हणावं, जरा बोला. आई इतकी गप्प नसते."

तो हसला, मीही हसलो. ती हसायला गेली आणि कळवळली. तो पुन्हा मापाला लागला. नुसता दोरीपासून रिमपर्यंत पट्टी लागल्याचा आणि नट फिरल्याचा आवाज.

गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही गाडी नेऊन पाहिली. फळीवर मीच.

"दणका लागला?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे काय हो? तिची पाठ आहे ती!"

मला खरंच ठरवता येईना. दणका नव्हता, पण खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत होती आणि कंबर फळीवर वरखाली होत होती. चुकीचं सांगितलं तर भोगणार ती. भीतभीतच मी म्हणालो, "झोके बसतात रे." त्याने लगेच बटणं थोडी परत कडक केली. पुन्हा फेरी. या वेळी गाडी खड्ड्यात उतरली, वर आली आणि शांत झाली.

शेजाऱ्यांच्या मदतीने तिला फळीसकट आत सरकवलं. डोकं पुढे, मुलाजवळ. पाय मागे, माझ्याजवळ. तो तर अंड्यांची टोपली नेल्यासारखी गाडी चालवत होता. स्टिअरिंग त्याने जवळजवळ सैलच धरलं होतं. गाडी आपली सरळ चालली होती.

"छान केलीस रे," ती म्हणाली. "बरं वाटतंय. पायांतली कळसुद्धा थांबली."

आरशात तो हसला, सकाळपासून पहिल्यांदा मोकळेपणाने.

मी चादरीखाली हात घातला. तिच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबला. माझ्याच बोटांत जोर नसेल असं वाटून नख रुतवलं. मग दुसऱ्या पायाचा.

"अगं, काही कळतंय?"

"कशाचं?"

मी मुलाला म्हणालो, "वेगात घे."

"आत्ता कुठे जमलंय, बाबा. पुढे रस्ता उखडलेला आहे."

"असू दे. वेगात घे."

त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. हसू गेलं. गाडी सुटली. पहिला मोठा खड्डा आला, गाडी दणकली आणि तिचे हात फळीच्या कडांना घट्ट आवळले गेले. पाय होते तसेच राहिले.

"अहो, एवढी घाई कशाला?" ती धापा टाकत म्हणाली. "आता तर बरी आहे मी."

गाडी जराही न भटकता धावत होती. तिची दोन्ही पावलं मी हातांत गच्च धरून ठेवली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.