हवा लागलेला बोअर

पिशवी फुगली.

पल्लवीनं बोअरच्या पाइपाच्या तोंडावर साधी पॉलिथिनची पिशवी रबरानं आवळली होती. आधी ती सैल पडून होती. मग खालून कुणी फुंकल्यासारखं झालं आणि बघता बघता ती म्हशीच्या कासेसारखी तटतटून उभी राहिली. जीपचा ड्रायव्हर मागं सरला. दगडांचं शास्त्र शिकून आलेली पल्लवी हातातलं यंत्र विसरून नुसती बघत राहिली.

बांधावर बसलेली धुरपताबाई खळखळून हसली. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या वाजल्या.

"काहून भ्याली वं पोरी? मालक हाय तो. सकाळच्याला आत घेतो, दुपारच्याला सोडतो. येळ झाली का बराबर सोडतो."

"मालक?"

"बोअर वं! मालकानं घेतला म्हून मालक. खरा मालक तर कवाच गेला."

खरा मालक म्हणजे तिचा नवरा, हिरासिंग. साखऱ्याच्या शिवारात, तांड्याच्या वरच्या अंगाला त्याचं रान. बोअरची गाडी आली तेव्हा सगळा तांडा जमला होता. पाइपामागून पाइप खाली गेले. काळी भुकटी उडाली, मग तांबडी, मग पुन्हा काळी. पाणी काही लागलं नाही. गाडीवाला पाइप गोळा करून निघून गेला, लोक पांगले, आणि हिरासिंग तेवढा बोअरच्या तोंडाला कान लावून बसून राहिला. वाटेनं जाणाऱ्यानं विचारलं, "पाणी लागलं का, हिरासिंगभाऊ?"

"न्हाई," हिरासिंग म्हणाला. "हवा लागली."

झालं. गावाला एवढंच पाहिजे असतं. दुसऱ्याच्या फजितीवर जगणारी माणसं पुसेगावच्या बाजारापर्यंत ही गोष्ट घेऊन गेली. "हिरासिंगभाऊ, सायकलीत हवा भरता का?" "हिरासिंगला हवा लागली, आता जमिनीवर पाय टेकंना!" हा बिचारा सांगत राहिला, की खाली मोठी रिकामी जागा आहे, त्याशिवाय एवढी हवा येईल कुठून. ते ऐकायला कुणाला फुरसत होती? तो मेला तेव्हासुद्धा लोकांनी 'हवावाला गेला' असंच म्हटलं. पोरगा रणजीत 'हवावाल्याचा' झाला. बापाच्या रानात तो नांगर घालायचा, पण बोअरकडं बघायचा नाही.

धुरपताबाईनं मालकाच्या लाल पागोट्याची एक पट्टी फाडून पाइपाला बांधली. सकाळी पट्टी आत ओढली जायची. दुपारी बाहेर येऊन फडफडायची. उन्हाळ्यात अंग भाजायला लागलं की ती सुईदोरा घेऊन तिथं येऊन बसायची. खालून येणारी हवा थंड असायची.

आणि आता ही पल्लवी आली होती. वसमतची. तिची आई चांगुणा हळदीच्या रानात खुरपायला जायची; त्यातूनच पोरीचं शिक्षण झालं. पल्लवीचं काम विचित्र होतं. मोठमोठ्या कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि खोल काळ्या दगडात कोंडायचा, असा विचार वर कुठंतरी चालला होता. अजून काही कोंडलेलं नव्हतं, नुसता अभ्यास होता. कोंडला तर तो कुठून निसटेल, त्या वाटा पल्लवीनं शोधायच्या होत्या.

धुरपताबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे धूर त्यांचा आन पोट आमचं?"

ड्रायव्हर गालात हसला. पल्लवी हसली नाही.

"व्हय मावशी. तसंच हाय."

"इजेची चिमणी तिकडं. तांड्यात अर्धा दिस लाइट न्हाई. आन धूर मातर आमच्या खाली?"

या देशात धूर एकानं करायचा आणि श्वास दुसऱ्यानं रोखून धरायचा, हे इतकं अंगवळणी पडलंय, की विचारणारी बाईच अडाणी ठरते. पल्लवीनं तिला अडाणी ठरवलं नाही, एवढंच.

"हितला दगड त्याला धरून ठेवतो, मावशी," ती म्हणाली. "खालच्या पाण्यात वायू मुरतो, दगडाशी लागतो, आन हळूहळू त्याचाच दगड होतो."

"धुराचा दगड?"

"धुराचा दगड. पांढरा."

धुरपताबाईनं नांगरटीतला एक पांढरा खडा उचलला, थुंकी लावून पुसला. "ह्याच्यावानी?"

पल्लवीनं तो उन्हात धरला. "असाच. ह्याच्यात बी लई जुन्या काळचा तोच वायू कोंडलेला असंल."

म्हातारी खड्याकडं बघत राहिली. आयुष्यभर तिनं असे खडे वेचून बांधावर फेकले होते.

पल्लवी महिनाभर येत राहिली. यंत्रं लावली, आसपासचे बोअर तपासले. मग एक दिवस लॅपटॉप घेऊन धुरपताबाईच्या ओसरीवर बसली. चुलीवर चहा ठेवलेला. रणजीत दाराशी उभा होता, आत येतो की जातो असा.

"हे तुमचं रान. आन हे त्याच्या खालचं."

पडद्यावर भाकरींची चवड रचावी तसे थर होते. काळा, त्याच्यावर जाळीदार, मग तांबडी पट्टी, पुन्हा काळा.

"हे तांबडं काय वं?"

"माती. एकदा लाव्हा आला, थंड झाला. मग लई वर्षं काहीच न्हाई. ऊन-पावसानं त्याची माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आन माती खाली दबली."

"म्हंजे खाली बी शिवार हाय?"

पल्लवी थबकली. शिकताना तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. "व्हय. एकाखाली एक शिवारं."

"कुणी न पेरलेली," धुरपताबाई हळूच म्हणाली, आणि तिनं जमिनीवर हात टेकला. सारवलेल्या ओसरीवर, सावकाश, झोपलेल्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"आन ह्या जाळीच्या थरात रिकामी जागा हाय," पल्लवी म्हणाली. "भोकं, भेगा, एकमेकींत गुतलेल्या. पार पुसेगावच्या अंगाला गेल्यात. वरची हवा जड झाली का त्या आत ओढतेत, हलकी झाली का सोडतेत. म्हणून बोअर फुंकतो."

"रणजीत," म्हातारीनं मान न वळवता हाक मारली. "ऐकलं का? जागा हाय, म्हणते ती."

रणजीत आत आला आणि खाली बसला.

"आता वायू सोडते. खराखुरा न्हाई, हिशेबातला." पल्लवीनं बटण दाबलं. तळाशी एक निळा ठिपका उमटला. फुगला, वर सरकला, तांबड्या पट्टीला डोकं लावून थांबला. मग पट्टीखालून आडवा पसरू लागला. कोपऱ्यात वर्षं पळत होती. पन्नास. दोनशे. धुरपताबाईचे नातू, पणतू, त्यांच्या पुढचे, सगळे त्या कोपऱ्यात निघून गेले आणि चुलीवरच्या चहाला अजून उकळीसुद्धा नव्हती. निळा आंधळ्यासारखा चाचपडत चालला होता. एका उभ्या बारीक रेघेला त्याचा स्पर्श झाला, आणि तो सरसरत वर आला.

"आपला बोअर," रणजीत म्हणाला. आपला, हे तो पहिल्यांदाच म्हणाला.

निळा रानात आला, उतारानं वाहिला आणि खोलगटात साचला. तिथं तांडा होता.

"हवेपेक्षा जड असतो," पल्लवीचा आवाज उतरला. "वास न्हाई, रंग न्हाई. लई साचला तर झोपलेलं माणूस उठत न्हाई."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"मंग?"

"बोअर तळापासून सिमेंटनं भरावा लागंल. पण रान तुमच्या नावावर हाय. तुमी व्हय म्हणल्याबिगर मी हात लावू देणार न्हाई."

"आन न्हाई म्हणलं तर?"

"तर ही जागा सोडा, असं मी लिहून देईन."

"ते ऐकतील तुझं?"

पल्लवीला खोटं बोलता आलं असतं. "सांगता येत न्हाई, मावशी."

धुरपताबाई उठली, भांडं उतरवलं, उरलेला चहा तिघांत वाटला. स्वतःचा पूर्ण प्याली. मग म्हणाली, "त्या लोकाचा भरवसा न्हाई. त्याहिला वाटलं तर ते कवाबी यीतील. लेकरं झोपतेत खाली. बुजव."

सिमेंटचा ट्रक आला तो सकाळीच. ठेकेदाराच्या माणसांनी पाइप जोडले, गोण्या फोडायला घेतल्या. लाल पट्टी आत ओढली गेली होती. धुरपताबाईनं बोअरच्या तोंडावर पंजा ठेवला.

"थांबा. आत घेऊन राहिला तो."

मुकादम वैतागला. "ए मावशी, सिमेंट भरायचंय. आत घेतलं काय, बाहेर सोडलं काय!"

"भरल्या छातीचं माणूस कोंडतेत का रे? तुझ्या बापाला कोंडशील?"

शास्त्राच्या दृष्टीनं काडीचा फरक पडणार नव्हता. पल्लवीला ते ठाऊक होतं. तिनं यंत्राकडं पाहिलं, म्हातारीच्या हाताकडं पाहिलं, आणि म्हणाली, "गोण्या राहू द्या. दुपार कलू द्या."

मग सगळे बाभळीखाली बसले. मुकादमसुद्धा. बातमी खाली गेली तसा तांडा वर आला. ऊन चढलं, पट्टीचं टोक बाहेर आलं, हललं, आणि फडफडू लागलं. हिरासिंगच्या हवेला हसणारी म्हातारी माणसं एकेक करून पुढं आली आणि त्या हवेसमोर तोंड धरून उभी राहिली. बायांनी लेकरं पुढं केली. कुणी विनोद केला नाही. शेवटी रणजीत गुडघ्यावर बसला आणि बाप बसायचा तसा कान लावून बसला. बराच वेळ. उठला तेव्हा त्याच्या कानाला आणि गालाला पाइपाचा गंज लागला होता. तो त्यानं पुसला नाही.

उन्हं कलली. पट्टी मंदावली आणि पाइपावर निजली.

"आता," धुरपताबाई म्हणाली.

अंधार पडायच्या आत सिमेंट तोंडापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुईदोरा घेऊन सवयीनं तिथं जाऊन बसली. पट्टी बांधलेलीच होती. मधेच ती हलली. धुरपताबाईनं हात पुढं केला, तळवा पाइपावर धरला, आणि परत घेतला.

वारा होता. वरचा, साधा.