वर्लीनचं गाणं माझ्यावर होतं

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका बुटक्या स्टुडिओत कपाटाच्या फळीवर माझा मुक्काम असतो. तपकिरी पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या गंजाचा थर आणि गुंडाळायला एक चक्र, बस्स, एवढीच मी. पण त्या गंजात माणसाचा आवाज राहतो बरं का!

माझा जन्म अलाबामातल्या कारखान्यातला. इथे आले तेव्हा वाटलं, आता सोल नावाचं काळीज पिळवटणारं संगीत गाणाऱ्यांचे मोठमोठे आवाज माझ्यावर उतरणार. कसलं काय! टायरांची जाहिरात उतरली. ती पुसून एका पाद्रीबाबांचं प्रवचन आणि तेही पुसून साबणाची जाहिरात. शेवटी तीही पुसून मला कोरी करून ठेवलं. शाळेतल्या पाटीचं होतं तेच माझं झालं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण जपावं असं त्यात काही नव्हतंच. पुढे संगणक आले आणि मी तीस वर्षं धूळ खात पडले.

मग वर्लीन टॅगर्ट परत आली. तरुणपणी तिची गाणी रेडिओवर रोज लागायची. नवरा रॉस्को वारला, तसं तिनं गाणं सोडलं आणि बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवायला वाढलं. आता वय चौऱ्याहत्तर, फुप्फुसं थकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. तरी तिला एक शेवटचा अल्बम करायचाच होता. रॉस्कोनं जाण्यापूर्वी तिच्यासाठी एक गाणं लिहिलं होतं आणि ते तिनं आजवर कुणापुढे गायलं नव्हतं. बाकीची आठ गाणी त्या एका गाण्यासाठी होती. आठ झाली, हेच उरलं.

"मिस वर्लीन, हे तरी संगणकावर घेऊ या. श्वास तुटला तर जोडता येईल," ध्वनिमुद्रण करणारा म्हातारा क्लीओ म्हणाला.

"जोडायला मी काय गोधडी आहे का रे? टेप लाव. गाईन ते एकदाच गाईन."

स्टुडिओत आता दोनच कोऱ्या टेपा उरल्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. क्लीओनं मला उचललं. वर्लीननं नाकाची नळी काढली, खुर्ची पुढे ओढली. "क्लीओ, चालू झालं का रे तुझं ते चक्र? मग गप्प बस आता."

आणि ती गायली. काय सांगू मित्रांनो! आवाज फाटका होता, श्वास अर्ध्यावर संपत होता, पण माझा कण न् कण तिच्याकडे वळला. चार मिनिटं मी धन्य झाले. काचेमागे क्लीओ ढसाढसा रडत होता.

"लिहू का डब्यावर नाव?" त्यानं विचारलं.

"खबरदार! उद्या ऐकेन, मग हो म्हणेन."

त्या स्टुडिओची रीतच तशी. गाणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय डब्यावर नाव घालायचं नाही, नाहीतर गाण्याला दृष्ट लागते म्हणे. दुसरी रीत अशी की टेप शेवटपर्यंत गुंडाळून तिचं शेपूट बाहेर ठेवायचं, म्हणजे ती चांगली टिकते; मात्र ऐकण्याआधी तिला उलटं गुंडाळून सुरुवातीला आणावं लागतं. क्लीओनं दोन्ही रीती पाळल्या.

त्याच संध्याकाळी वर्लीनला धाप लागली, तिला इस्पितळात नेलं. सकाळी ट्रम्पेटवाले तालमीला आले, त्यांना आपली तालीम टेपवर हवी होती. काळजीनं डोळ्याला डोळा न लागलेल्या क्लीओनं एक बिननावाचा डबा उघडला. आत मी होते. खात्री करायला त्यानं मला थोडं वाजवून पाहिलं. शेपटाकडे, गाणं संपल्यानंतरच्या पट्टीवर, काहीच नव्हतं, नुसती शांतता. 'ही कोरीच,' तो पुटपुटला आणि त्यानं ध्वनिमुद्रणाचं लाल बटण दाबलं. आयुष्यभर स्वतः शेपूट बाहेर ठेवणारा माणूस! मला ओरडता येत असतं तर... पण मला फक्त ऐकता येतं. ट्रम्पेट तिचं गाणं पुसत शेवटाकडून सुरुवातीकडे चालत गेले.

चार दिवसांनी वर्लीन ऐकायला आली. क्लीओनं दोन्ही टेपा लावून पाहिल्या. दुसरी कोरी होती, माझ्यावर ट्रम्पेट होते. त्याला रडू कोसळलं.

"रडू नकोस, वेड्या. पुन्हा गाते," ती म्हणाली.

तीन सकाळी तिनं प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीपुढे तिला जाताच येईना. चौथ्या दिवशी तिनं नळी काढलीच नाही. "राहू दे, क्लीओ. गेलं ते. आणि तेच नसेल तर बाकीची आठ तरी कशाला?"

अल्बम निघाला नाही. फेब्रुवारीत वर्लीन गेली. तिचं 'हो' राहिलंच, म्हणून माझ्या डब्यावर आजही नाव नाही.

मित्रांनो, जे परत मिळणार नाही त्याच्यावर लगेच नाव घाला. दृष्ट लागली तर लागू दे.

ट्रम्पेट माझ्या पहिल्या काही वेढ्यांपर्यंत पोचले नव्हते. तेवढ्यात तिचं बोलणं शिल्लक आहे. क्लीओ रोज येतो, मला लावतो. "क्लीओ, चालू झालं का रे तुझं ते चक्र?" ती विचारते. "हो, मिस वर्लीन, झालं," तो म्हणतो. "मग गप्प बस आता," ती म्हणते आणि लगेच ट्रम्पेट उलटे वाजू लागतात. दर वेळी माझा थोडा गंज झडतो, आवाज थोडा पुसट होतो. क्लीओला ते ठाऊक आहे. उद्याही तो येईल आणि मला लावेल.