आंबट का आळणी

ठण्ण!

चुलीच्या वायलावर शेकत ठेवलेला सेल गडगडला आणि खालच्या पितळीवर आपटला. तीन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. त्या आवाजानं सगळं घर दचकलं.

"मसाला पडला!" मामा ओसरीवरून ओरडले. "आगं, लागलं का त्याला?"

पाळण्यातलं तान्हं किंचाळून उठलं होतं. त्याचं कुणी विचारलं नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, गुरप्पा भोई. हिप्परग्याच्या तलावावर त्यांची हयात गेली. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतनं त्यांनी होडीसाठी बॅटरी आणलेली. पहाटेच्या अंधारात जाळी ओढताना पाण्यातले बाभळीचे बुंधे दिसावेत, म्हणून ती होडीच्या नाकाला बांधायची. तिच्यातल्या दोन सेलांना सगळा गाव मसाला म्हणे. दिवाळीत घातलेला तो मसाला आता म्हातारा झाला होता, आणि मामा काही त्याला मरू देत नव्हते. सकाळी ऊन द्यायचे, दुपारी वायलाची ऊब, वर मऊ लुगड्याचं फडकं. माझ्या बाळंतपणात मला एवढा शेक मिळाला नव्हता.

शेकला की मसाला दारात लख्ख पेटायचा. होडी तलावाच्या मधोमध गेली की मिटायचा. सोमवारी तसंच झालं. होडी बुंध्यावर चढली, फळी फुटली, आणि माझे मालक गळाभर पाण्यात काटेरी बाभळीला मिठी मारून उजाडायची वाट बघत राहिले. त्यांच्या ओरबाडलेल्या अंगाला मी हळद लावली. तेव्हापासून बापलेकाचा अबोला.

आज फकीरचाचा मासळी न्यायला टांगा घेऊन आले.

"गुरप्पाभाई, सोलापुरातनं नवा मसाला आनू का?"

"जित्याला मातीत घालू व्हय रं?" मामा म्हणाले.

"जिता?" मालकांचा अबोला तिथंच फुटला. "सोमवारी मीच मातीत गेलो असतो की!"

"तुला होडी हाकता येत न्हाय, आन मसाल्याला नावं ठेवतूस! आण हिकडं, जिबंला लावून बघू."

कुर्डुवाडीच्या एका रेल्वेवाल्यानं मामांना ही खूण सांगितली होती. सेलच्या बुडाला तार टेकवायची, तारेचं दुसरं टोक आणि वरची पितळी टोपी एकदम जिभेला लावायची. आंबट लागला तर जिता, आळणी लागला तर मेला.

मामांनी लावली. "आंबट! चिच्चंगत!"

मालकांनी लावली. "आळणी. नुसती राख."

बिरप्पा धनगर मेंढरं वाटेवर सोडून धावत आला आणि त्यानंही लावली. "मला तर तंबाकू लागतीया."

"मेरेकू तो मच्छी लगती," फकीरचाचा म्हणाले.

"तुला बर्फी दिली तरी मच्छीच लागंल. सर बाजूला!"

मग ठरलं, तंबाखू न खाणारी जीभ पाहिजे. आळीतल्या पुरुषांत तशी एकही निघाली नाही. सगळ्यांच्या माना चुलीकडं वळल्या.

"ती वली बाळंतीण," बिरप्पा म्हणाला. "तिला आंबटाचं डव्हाळं असत्यात."

"डव्हाळं आदी असत्यात रं येड्या!" मामा गरजले आणि माझ्याकडं वळले. "सूनबाई, हिकडं ये पोरी. ही कदी खोटं बोलायची न्हाय. ही आळणी म्हनली, तर आत्ताच्या आत्ता नवा आनतो."

मी पदर पुढं ओढून बाहेर आले. सेल कोमट होता, बाळाच्या टाळूसारखा. मी जीभ लावली. आधी काहीच नाही. मग जिभेच्या शेंड्यावर बारीकसं आलं, कच्च्या बोरासारखं.

जिता होता. मधोमध पाण्यात दगा देणारा, पण जिता.

समोर मालकांचे हळद लावलेले, ओरबाडलेले हात दिसत होते.

"आळणी," मी म्हणाले.

मामांनी सेल माझ्या हातातून घेतला, परत जिभेला लावला. "मला तर आजून आंबट..." त्यांनी सेल फडक्यानं पुसून खाली ठेवला. "फकीर, दोन सेल आन बाबा. मसाला न्हाय, जीबच मेली माजी."

आमच्या घरात कालवणाला मीठ-चिंच मामांच्या जिभेनं पडायची. त्या दिवशी मी पळी पुढं केली, तर त्यांनी मान फिरवली.

"मला काय इचारतीस? तुज्या जिबंला इचार."

फळी ठोकून, नवा मसाला घालून गेलेली होडी दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या जाळ्यानं परत आली. मालकांच्या अंगावर नवा ओरखडा नव्हता. मी तान्ह्याला पाजत ओसरीवर बसले होते. मामा पाठमोरे ऊन खात होते. शेजारी ऊन खायला आता काही नव्हतं. जुने सेल त्यांनी माझ्या थोरलीला, मायाक्काला, खेळायला देऊन टाकले होते.

तिनं सगळं बघून ठेवलेलं. बुडाला तार टेकवली, जीभ लावली, डोळे बारीक केले आणि खदखदून हसली.

"आई, आंबट लागतंय की गं!"

मामांची मान हळूच वळली.

"आई, मग तू काल आळणी का म्हनलीस?"