सातवी पास

चंपत देवाजी दुर्गे बी.ए. झाला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्याला एकच गोष्ट पक्की कळली होती: आपण कुठलेच नाही.

आंध्रातल्या वांकिडीपासून कोसभर असलेल्या त्यांच्या गावात मराठी शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर सरहद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या राजुऱ्याला. चंपत तिथल्या वसतिगृहात आठ वर्षं पातळ वरण पिऊन शिकला. परत आला तर आंध्रातले ऑफिसवाले म्हणाले, तुझं शिक्षण बाहेरचं, तू लोकल नाहीस. मास्तरकीचा अर्ज परत. महाराष्ट्रात गेला तर तिथले म्हणाले, जातीचा दाखला आंध्राचा, रहिवास आंध्राचा, तू आमचा नाहीस. अर्ज परत. सरहद्द आखणाऱ्यांच्या पोरांना ती कधी पायी ओलांडावी लागली नाही, म्हणून त्यांना ती एवढी सरळ आखता आली.

मग सुधाकरराव भेटला. गावातल्या किराणा दुकानदाराचा हा पोरगा आसिफाबादला एका ऑफिसात क्लार्क होता.

"आमच्या ऑफिसात अटेंडरची जागा निघाली," तो म्हणाला. "सातवी पास पाहिजे, लोकल पाहिजे, अन् जागा तुमच्याच रिझर्वेशनची हाय. सातवी तू इथंच पास झाला ना? मंग?"

"पण मी बी.ए. हाय."

"तेच तर दाबाचं हाय, बाबू. जास्त शिकलेला साहेबाले चालत नाई. म्हणते, शिकलेला चपराशी गिलास धूत नाई, कायदा शिकवते. हलफनाम्यात लिहून देजो, सातवीच्या पुढं शिकलो नाई."

म्हणजे सातवी पास चंपत इथला होता आणि बी.ए. पास चंपत परका. दोघांपैकी एकालाच पगार मिळणार होता.

बाप ऐकून चवताळेल असं चंपतला वाटलं होतं. देवाजी पंचवीस वर्षांमागं, चंपत जन्मला त्या साली, पाटलाची ढोरं त्याच्याच दारात सोडून सडकेच्या कामावर गेला होता. पोराला ढोराच्या शेपटाला हात लावू देणार नाही, असं त्यानं तेव्हा वस्तीसमोर सांगितलं होतं आणि पाळलंही होतं. पण देवाजी चवताळला नाही. भाकर खाऊन हात धुतला आणि त्यानं विचारलं, "अर्ज करासाठी वय किती लागते?"

"माझं यंदाचंच साल उरलं."

"मंग करून टाक. मी येतो तुह्यासंगं."

मुलाखतीला सुधाकरराव फाईल घेऊन बाजूला उभा होता. साहेब तेलुगूत बोलत होता. चंपतला तेलुगू समजायचं, बोलताना अडखळायचा. सातवी पास माणसाला ते शोभूनच दिसत होतं. साहेबानं दाखला पाहिला. सातवीचं साल पाहिलं.

"त्यानंतर अकरा वर्षं काय केलंस?"

"मजुरी, सर."

"कुठं? कोणाकडं?"

चंपतनं इतकंच घोकलं होतं. अकरा वर्षं एका शब्दात बुजवता येतील असं त्याला वाटलं होतं. एवढी अक्कल तर बी.ए.नं द्यायला हवी होती. साहेब वाट पाहत होता. सुधाकरराव खिडकीबाहेर बघू लागला.

तेवढ्यात दारातून देवाजी आत आला. वहाणा त्यानं बाहेरच काढल्या होत्या. हात जोडलेले, मान खाली, पाठ अशी वाकलेली की चंपतला क्षणभर हा कोण म्हातारा ते कळेना. आणि आवाज! असला आवाज त्यानं आपल्या घरात कधी ऐकला नव्हता.

"मायबाप सरकार," देवाजी मोडक्या तेलुगूत म्हणाला, "ढोरं चारत होता जी. पाटलाची."

"किती?"

"चाळीस, सरकार. एक लाल गाय मारकी होती. तिनं शिंगावर घेऊन आपटला, तवापासून डोकं जरा मंदच हाय. पुढं शिकवून पाह्यलं. काई शिरलंच नाई. आमच्या जातीच्या डोक्यात कुठं शिरते जी?"

साहेब खदखदून हसला. सुधाकरराव हसला. चंपतही हसला, कारण साहेब त्याच्याकडं बघत होता.

लाल गाय खरी होती. चाळीस ढोरंही खरी होती. फक्त शिंगावर गेलेला पोरगा देवाजी होता. वस्तीनं देवांपुढं वाकणं कधीच सोडलं होतं, पण हे वाकणं देवाजी पंचवीस वर्षं हाडात दाबून बसला होता, आणि आज पोराच्या नोकरीसाठी ते त्याला तोंडपाठ निघालं.

"ठीक आहे," साहेबानं कागदावर खूण केली. "मंडल कचेरीतून माणूस येऊन गावात चौकशी करील. चार लोकांनी सांगितलं पाहिजे."

बापलेक बसनं परतले. गावात उतरल्यावर देवाजी पाणीसुद्धा प्याला नाही. सरळ वस्तीतल्या पहिल्या घरी गेला, मग दुसऱ्या. दिवस मावळायला आला होता. चंपत घरात बसून ऐकत होता. ज्या त्या दारात तेच: कोणी विचारलं तर बी.ए. म्हणू नका, सातवी सांगा, ढोरं चारली सांगा. कोणी हो म्हणालं. कोणी म्हणालं, "काऊन देवाजी, डिग्री उतून चालली का?" देवाजी त्यांनाही हात जोडत होता.

मग शेजारच्या सोजरबाईचा आवाज आला. "साऱ्या वस्तीच्या चिठ्ठ्या यानंच लिवल्या, अन् आता मी त्याले अडाणी सांगू?"

"सांग माय. तुह्या पाया पडतो."

"मी सांगीन रे. पण माही नात येत्या जूनमधी राजुऱ्याले जाऊन राह्यली, आठवीले. चंपतदादासारखं शिकतो म्हणते. तिले काय सांगू?"



"नको धाडू तिले," देवाजी म्हणाला. "सातवी बस हाय."

चंपत उठला. दारापर्यंत गेला. धाडा तिला, शिकू द्या, एवढंच ओरडायचं होतं. पण ते कोणत्या तोंडानं ओरडायचं, बी.ए. पासच्या की सातवी पासच्या? आणि वस्तीत एक आवाज उलटा गेला की चार साक्षी बिघडणार होत्या. तो चौकटीला धरून उभा राहिला.

बाहेर देवाजीनं पुढच्या घराची कडी वाजवली.