आजोबा परीक्षेला बसले

विद्यापीठाचं सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर एका विद्यार्थ्याने ठरल्याप्रमाणे मांडीवरच्या चिठ्ठीत डोकावलं, आणि मागचा पडदा लालभडक! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"पाहिलंत?" कंपनीचा माणूस गरजला. "हा तिसरा डोळा! परीक्षा घरून द्या, पण मनातला चोर याच्यापासून लपणार नाही. याला झोप नाही, नातेवाईक नाहीत, चूक कशी ती ठाऊक नाही!"

पालकांनी हात जोडायचेच बाकी होते. माझ्या शेजारी ताई मान खाली घालून बसलेली. याच डोळ्याने तिच्या शेवटच्या वर्षाच्या पेपरवर शेरा मारला होता : 'खोलीत दुसरी व्यक्ती.' निकाल रद्द, दवाखान्यातली ठरलेली नोकरी अधांतरी. आणि खोलीत तर चिटपाखरूही नव्हतं. दाराबाहेर पहाऱ्याला मीच होते ना!

घरी येऊन मी ताईच्याच टेबलाशी, तिचाच संगणक आणि कॅमेरा लावून बसले. कंपनीची सराव परीक्षा कुणालाही देता येते. हात टेबलावर, नजर समोर, अगदी गरीब गाय. संशय : ८८ टक्के. खोलीत दुसरी व्यक्ती.

मागे वळून पाहिलं. भिंतीवर आजोबा हसत होते. तसबिरीतून.

तसबिरीवर टॉवेल टाकला. संशय ३. टॉवेल काढला, संशय ९०. मग मीच खोलीबाहेर गेले. परत येऊन बघते तर, 'परीक्षार्थी हजर. संशय शून्य.'

"ताई, आजोबा पास!"

कित्येक दिवसांनी ताई हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षा विभागात. टॉवेलचा प्रयोग ऐकून साहेब म्हणाले, "बाळ, यंत्राचं तुझ्या ताईशी काय वैर?"

"वैर नाही हो, अक्कल नाही. त्याला चेहरे मोजता येतात, जिवंत माणूस कोण ते कळत नाही. आणि तुम्ही त्याच्यापुढे फक्त चोर बसवून पाहिलात. प्रामाणिक माणूस कधी बसवलात का?"

साहेबांनी चष्मा पुसला. "फेरतपासणीला पाठवतो."

"तपासणार कोण?"

"तिसरा डोळाच."

आठवड्याने उत्तर आलं : संशय कायम. नोकरी दुसरीला गेली. ताईने पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला, स्टुलावर चढली आणि आजोबांना खाली उतरवून कपाटात ठेवलं. "राहू दे गं," एवढंच म्हणाली. भिंतीवर पांढरा चौकोन उरलाय.

ऐकणारं कुणी दिसत नाही, तरी सांगते. चोर पकडला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्या डोळ्यापुढे एक निरपराध माणूस बसवा, आणि तो सुटतो का ते पाहा.