चारवर की सहावर

"मास्तरला चुकलं म्हनू नका," आमच्या घरमालकीण गोजराबाई म्हणाल्या होत्या. "तुमाला त्यो काय करायचा न्हाई. पोरीवर काडंल."

मी हसले होते. "गोजराबाई, हे गणित आहे. त्यात कसलं भांडण?"

गणित असं: २क्ष + ३य = १२ ही रेषा अक्षांना कुठे छेदते? क्ष-अक्षावर य शून्य असतो, म्हणजे क्ष सहा. माझ्या मैमुनाने बरोबर सहावर टिंब दिलं. भिवाजी मास्तरांनी मात्र वर्गाला सांगितलं होतं, क्ष-अक्षावर क्षच शून्य धरा. मग येतं चार. ते चार त्यांनी क्ष-अक्षावरच मांडलं, आणि जवळजवळ सगळ्या वर्गाच्या वह्यांत रेषा उलटी पडली.

मैमुना घरी आली तेव्हा तिच्या आलेखात सहाच्या जागी तपकिरी डाग होता. मास्तरांनी तंबाखूची थुंकी अंगठ्याला लावून टिंब पुसलं होतं. कागद भिजून फाटलेला. पोर ते पान दोन बोटांत धरून दारातच उभी.

"अम्मी, आधी हात धुऊ?"

मी तांब्या घेऊन तिच्या हातांवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. फळ्यावर गणित सोडवून दाखवलं. मास्तर दारात पिंक टाकून आत आले.

"व्हय का, कालिजच्या बाई! मंग उद्यापास्नं तुमीच शिकवा. आमी घरी भाकऱ्या थापतो."

पोरं फिदीफिदी हसली.

"आनखी कुनाचं सहा आलंय?"

मागून एकच हात वर झाला. गेणबाची तुळजा. मी फळ्याशी उभी होते, त्या जोरावरच तिने तो वर केला असणार. मास्तरांनी अंगठा तोंडात घातला, तिच्या वहीवर सावकाश घासला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती पानावर पडली.

"आता लिव्ह चार."

तुळजाने माझ्याकडे पाहिलं. मी मैमुनाचा हात धरला आणि बाहेर पडले.

मैमुना आता पुण्याला माझ्या आईकडे शिकते. आम्हीही बदलीने लांब आलो. त्या अंगठ्याची किळस अजून येते, पण माझ्या त्या पाठ फिरवण्याची जास्त येते.

तुम्ही कुणी पौडवरून पुढे मुळशीकडे जात असाल, तर वाटेतच ते गाव लागतं; तिथे शाळेमागे करंजाखाली गेणबाचं घर आहे. तुळजाला कोरा कागद द्या, ती रेषा काढायला सांगा. मास्तर जवळपास नसताना. टिंब सहावर देते का, एवढं बघून मला कळवा.